उपरण्याखालचा लिलाव

आमच्या घराच्या दारावर जप्तीचा कागद चिकटला त्या दिवशी आई पहिलं वाक्य काय बोलली असेल? “आगं, दिवाळीला तर दाराला रंग दिला हुता की! आता हा खळीचा डाग जातोय व्हय?”

आईला वाचता येत नव्हतं. त्या दिवसांत भिंतीभिंतींवर कुटुंबनियोजनाचे लाल त्रिकोण रंगवलेले असायचे, त्यामुळे तिला वाटलं, हा कागदही त्याच खात्याचा. ह्या वयात आपल्या दारावर असलं काही लावून गेले म्हणून ती बिचारी ओशाळली होती आणि पदरानं कागद झाकून उभी होती. मी शाळेतून आले तर म्हणाली, “हळूच काढ गं, कुणी बघितलं न्हाय अजून.”

मी बावीस वर्षांची होते. महापालिकेच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागून चारच महिने झाले होते, त्यामुळे दिसेल तो कागद मोठ्यानं वाचायची सवय. मी आईचा पदर बाजूला केला आणि वाचायला लागले. सदर मिळकत थकीत कर्जापोटी जप्त करण्यात आली आहे. चतुःसीमा: पूर्वेस सोसायटीचा रस्ता, दक्षिणेस बोळ, उत्तरेस नळकोंडाळे, पश्चिमेस सोसायटीच्या चेअरमन यांचे राहते घर. वाचता वाचता माझा आवाज बारीक होत गेला. आईला अर्धंच कळलं, पण तेवढं पुरलं. ती उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, “म्हंजे घर जाणार?”

जाणार म्हणजे जाणारच होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढं पडवी. गिरणीकामगारांच्या सोसायटीतलं, वीस वर्षांच्या कर्जावर बांधलेलं, सगळी कागदपत्रं सोसायटीकडे तारण ठेवलेली. चिठ्ठ्या टाकून घरं वाटली तेव्हा अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, नळाजवळचं घर लागलं म्हणून सगळ्यांनी हेवा केला होता. सोलापुरात नळाजवळ घर म्हणजे माणसानं आणखी काय मागावं!

आता अण्णांची ओळख करून देते, कारण घोटाळा सगळा त्यांचाच. माझे अण्णा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला. बोलायला गोड, मस्करी करण्यात पटाईत, पण स्वतःची अडचण सांगायची म्हटली की दातखीळ बसायची. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ हे त्यांचं आवडतं वाक्य. त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी अर्धीच होती. तरुणपणी साच्याच्या चाकात गेली. जे उरलं ते ताठ राहिलं, वाकायचंच नाही. चहाची बशी धरली की ते अर्धं बोट असं वर उभं राहायचं, जणू काही मुद्दा मांडायचाय.

ते बोट गेलं तेव्हा शेजारच्या साच्यावर जो माणूस होता, त्यानं आपलं उपरणं फाडून हात बांधला, अण्णांना सायकलच्या दांडीवर बसवलं आणि सिव्हिल हॉस्पिटल गाठलं. तोच माणूस पुढं आमचा शेजारी झाला, आणि पुढं सोसायटीचा चेअरमन. घरात ते तेलुगू बोलायचे, आमच्याशी मराठी. मी त्यांना काका म्हणायची. दोघं रोज सकाळी बरोबर गिरणीत जायचे. एकानं दोन अंगणांमधल्या भिंतीवरून ‘हो’ म्हणायचं, दुसऱ्यानं ‘आलो’.

ही दोस्ती तुटली ती चिवड्यावरून. खोटं सांगत नाही. काका चेअरमन झाल्यावरची पहिली वार्षिक सभा. नवं धोतर, इस्त्रीची टोपी, हातात अहवाल. त्यांनी सभेच्या चहा-चिवड्याचा खर्च वाचला आणि अण्णा उभे राहून म्हणाले, “चेअरमनसाहेब, चिवडा खाल्ला कुणी? आमच्या पुड्यात तर नुसते शेंगदाणे आलेत!” सभा खदाखदा हसली. काका नाही हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरून ‘हो’ आलं नाही. अण्णा म्हणाले, “मस्करी केली, त्यात काय एवढं? येईल आपणहून.” काका तिकडं म्हणत असणार, त्यानं भर सभेत अब्रू काढली, त्यानंच यावं. अशी चार वर्षं गेली. भिंत कमरेएवढी होती. दोघं दोन बाजूंना उभं राहून दात घासायचे आणि एकमेकांकडे बघायचे नाहीत. पुरुषांची जात! त्यांच्या बायका मात्र त्याच भिंतीवरून विरजण द्यायच्या-घ्यायच्या, संक्रांतीचं वाण लुटायच्या, आणि काकू आईला ‘अक्का, अक्का’ करायची.

ह्याच चार वर्षांत, सुरुवातीलाच, दुष्काळ आला. सांगोल्याचा माझा मामा, मामी, तीन पोरं आणि एक म्हैस, एवढं बिऱ्हाड आमच्याकडे आलं आणि आठ महिने राहिलं. मामा धंद्यानं जनावरांच्या बाजारातला दलाल. बाजारच बंद पडला, तर दलाली कसली? म्हैस आमच्या पडवीत बांधली होती. सोसायटीच्या नियमात जनावर बसत नव्हतं. काका रोज तिच्या शेपटीवरून जायचे आणि आपल्याला म्हैस दिसलीच नाही असं तोंड करायचे. हे आमच्यावर केवढे उपकार होते, ते तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. आठ माणसं आणि एक म्हैस एका पगारावर. त्यात मध्येच गिरणी चार महिने बंद पडली. अण्णांनी घराचे हप्ते भरणं थांबवलं आणि कुणाला काही म्हणून सांगितलं नाही.

हे सगळं मला कळलं ते कागद चिकटल्यावर, अण्णांची पत्र्याची ट्रंक उघडून. ट्रंकेत तळाशी, लग्नातल्या कोटाखाली, सगळ्या नोटिसा ओळीनं घडी घालून ठेवलेल्या. पहिली साधी: आपले हप्ते थकले आहेत. दुसरी जरा तिखट. तिसरी रजिस्टर पोस्टानं, अण्णांच्या सहीची पोच देऊन घेतलेली. चौथी निबंधकाच्या कचेरीतली: अमुक तारखेला हजर राहून आपलं म्हणणं मांडावं. त्यानंतर वसुलीचा दाखला. त्यानंतर, पंधरा दिवसांत भरा नाहीतर जप्ती. घर एका दिवसात जात नाही हो. ते पायरी-पायरीनं जातं, आणि प्रत्येक पायरीवर कुणीतरी विचारत असतं, ‘काय म्हणणं आहे तुमचं?’ आणि माझा बाप प्रत्येक पायरीवर कागदाची घडी घालत होता!

“तारखेला का गेला नाहीत?” मी कडाडले.

अण्णा जमिनीकडे बघत म्हणाले, “तितं समोर तो उभा असणार.”

“मग? वाघ आहे का तो?”

“त्याच्यासमोर म्हणू, की माझ्याकडं पैसे न्हाईत म्हणून?”

मी म्हटलं, माझं पासबुक घ्या. चार महिन्यांचा पगार पोस्टात तसाच पडला होता. तर ताडकन उठले. “पोरीच्या पगारावर घर चालवायची वेळ आली न्हाय अजून!” म्हणाले आणि चपला घालून बाहेर गेले. घर चालवायची कुठली, घर वाचवायची वेळ आली होती. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की मी त्या ट्रंकेला लाथ मारली आणि अंगठा सुजवून घेतला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी लंगडत सात रस्त्याला गेले. सोसायटीचं ऑफिस तिथं एका दुकानाच्या माडीवर होतं. काका टेबलामागं बसले होते. मी ठरवून गेले होते की शांतपणे बोलायचं. ते काही माझ्याच्यानं जमलं नाही.

“काका, ज्या घरात जेवलात त्याच घरावर जप्ती आणलीत?”

काका चिडले नाहीत. उलट त्यांचंच तोंड एवढंसं झालं. टेबलाच्या खणातून वरच्या कचेरीची पत्रं काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवली. वसुली करा, नाहीतर सगळ्या सोसायटीचं कर्ज थांबवू. “मी काय करू सांग, बाळ. एक अर्ज पायजे होता मला. एका ओळीचा. अडचण हाय, मुदत द्या. मी तीन वर्षं त्याची वाट बघतोय की. शिपायाबरोबर नोटिशी धाडल्या, त्यात माझी सही मोठी काढायचो. म्हटलं, सही बघून तरी चार पावलं चालत येईल.”

“तुम्ही का नाही आलात चार पावलं?”

काकांनी टोपी काढली, परत घातली. “आता कागद माझ्या हातातनं गेला. आता वसुली अधिकारी बघणार.” मग हळूच म्हणाले, “घरात मला कालपास्नं बिनमिठाची आमटी मिळतीया. काकूला कळलंय तुझ्या.”

मला हसू आलं आणि राग पण आला. दोघं शहाणे, आणि घर जातंय आमचं.

त्या आठवड्यात दवंडी आली. लिलावाची दवंडी हलगी वाजवून द्यायची असा नियमच होता. आमचा हलगीवाला ओळखीचा, माझ्या आत्याच्या लग्नात वाजवलेलं त्यानं. दारासमोर येऊन उभा राहिला, पण टिपरू काही उचलेना. “वैनी, माफी करा. पोटासाठी करावं लागतंय.”

आईनं त्याला आधी चहा दिला. मग म्हणाली, “वाजव की. पर नीट वाजव. आमच्या घराची दवंडी हाय, मिळमिळीत नगं.”

मग काय विचारता! त्यानं असा ताल धरला की गल्लीतली पोरं नाचायला लागली. ‘ऐका हो ऐका, एक महिन्यानं, सकाळी अकराला, जागेवर लिलाव’ हे त्यात कुणाला धड ऐकूच आलं नाही. दवंडी दिल्याचा कागद मात्र झाला, आणि तीस दिवस मोजायला सुरुवात झाली.

त्या तीस दिवसांत अण्णांनी काय केलं? घराला चुना लावला. खिडकीचा मोडलेला गज बसवला. मी म्हटलं, “दुसऱ्यासाठी सजवताय का?” तर म्हणाले, “घर हाय. त्याला काय ठाऊक, कुणाचं ते?” मी उलट बोलायचं सोडून दुसरा कुंचला उचलला. माझ्या बाबतीत हे फार क्वचित होतं.

मी मामाला पोस्टकार्ड टाकलं. घराचा लिलाव आहे, अमुक तारखेला या. मामा लिलावाच्या दिवशी पहिल्या एस.टी.नं हजर. लाल पटका, खांद्यावर पांढरं उपरणं, पाठीवर ज्वारीचं पोतं. पोतं पडवीत टाकलं, म्हैस जिथं बांधली होती त्या खुंटीकडे बघितलं आणि म्हणाला, “हितं आठ महिने खाल्लंय मी. हे घर मी जाऊ दीन व्हय? बाजार कसा करायचा ते मला शिकवू नगंस.”

खिशात किती आहेत विचारलं, तर म्हणाला, “तिकिटापुरतं हायती की.”

अकराला वसुली अधिकारी आले. हडकुळे गृहस्थ, बगलेत फायली, कपाळाला घाम. त्यांच्याबरोबर एक कारकून, आणि घर घ्यायला आलेले तिघं. त्यातलं खरं गिऱ्हाईक एकच, सात रस्त्याचा किराणा व्यापारी. बाकी दोघे त्याचेच पाव्हणे, आकडा दाबून ठेवायला आणलेले. गल्ली सगळी लोटलेली. अण्णा मागच्या दारी बाजेवर घराच्या भिंतीकडे तोंड करून बसलेले. काका आपल्या अंगणात, भिंतीच्या पलीकडे, उभे. आई सगळ्यांना चहा टाकत होती. म्हणत होती, “लिलावाला आलेत म्हून काय झालं? दारात आलेला मानूस हाय.”

अधिकाऱ्यांनी कागद वाचला. ज्याची बोली चढेल त्यानं जागेवर काही हिस्सा रोख भरायचा, बाकीचे पंधरा दिवसांत. त्यांनी पहिला आकडा सांगितला. व्यापाऱ्यानं त्यावर शंभर वाढवले.

तेवढ्यात आमचा मामा उठला. सरळ अधिकाऱ्यांजवळ गेला, खांद्यावरचं उपरणं त्यांच्या हातावर टाकलं, आणि उपरण्याखाली त्यांची बोटं पकडून दाबायला लागला.

“अहो! अहो, काय करताय हे?” अधिकारी ओरडले आणि उडी मारून मागं सरले. “भर दिवसा लाच देताय का मला?”

“लाच?” मामा गांगरला. “सायेब, भाव सांगतोय की.”

सांगोल्याच्या बाजारात जनावराचा भाव असाच होतो. तोंडानं आकडा काढायचा नाही. दोन हात उपरण्याखाली जातात, बोटं बोलतात, आणि भोवती शंभर माणसं उभी असली तरी आकडा दोघांतच राहतो. मामानं उभ्या जन्मात दुसरा लिलाव पाहिला नव्हता. सगळी गल्ली हसत होती, माझ्या तर डोळ्यांतून पाणी.

“भाव मोठ्यानं बोला!” अधिकारी म्हणाले.

मामा मात्र गंभीर झाला. “मोट्यानं? ह्या समद्यांदेखत? सायेब, आमी म्हशीची किंमत सुदा चारचौगांत वरडून करत न्हाय. जनावराला सुदा अब्रू असती. हे तर मानसाचं घर हाय.”

हसणं थांबलं. मागच्या दारी अण्णांची बाज करकरली, तेवढं मला ऐकू आलं.

अधिकारी जरा वरमले. घाम पुसत म्हणाले, “पाव्हणं, तुमचं खरं. पण मी विकणारा नाही. मी नुसता सरकारी माणूस.”

“मग ह्ये थांबवायचं कुनाच्या हातात हाय?”

“ज्यांची वसुली आहे त्यांच्या. सोसायटीनं लेखी दिलं, की आम्हाला आज इतके मिळाले, बाकीचे हप्त्यानं घ्यायला आम्ही राजी आहोत, तर मी लिलाव तहकूब करतो. बोली तुटायच्या, म्हणजे पक्की व्हायच्या, आत. एकदा तुटली की माझ्या हातात काही राहत नाही.”

मामानं कपाळावर हात मारला. “म्हंजे देनारा ह्यो आन् घेनारा त्यो! आन् मी कवापासनं तुमची बोटं दाबतोय!”

मग त्यानं जे केलं ते फक्त दलालालाच जमावं. मागच्या दारी गेला, अण्णांना दंडाला धरून उठवलं आणि भिंतीपाशी आणून उभं केलं. पलीकडून काका माघार घ्यायला लागले, तर काकूनं मागून त्यांना असं ढकललं की ते भिंतीला येऊन टेकले. मामानं दोघांचे उजवे हात ओढून भिंतीवर ठेवले आणि वर उपरणं टाकलं.

“येक बोट शंभराचं,” त्यानं सांगितलं. “म्हैन्याला किती झेपतंय ते दाजी, तुमी बोटानं सांगा. चेअरमन, तुमी बोटानं उत्तर द्या. तोंडं दोन दिशेला करा. बोलायचं न्हाय. तुमाला कुटं बोलायचंय म्हना येकमेकांशी!”

“हे काय चाललंय?” व्यापारी पुढं झाला. “साहेब, माझी बोली लागलीय!”

अधिकाऱ्यांनी आईच्या हातून चहाची बशी घेतली. “मी चहा घेतोय,” ते म्हणाले. “चहा होईपर्यंत लिलाव पुढं जात नाही.” आणि देवाशपथ सांगते, एवढ्या सावकाश चहा पिणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. फुंकर घालायची, ठेवायची, परत फुंकर.

सगळी गल्ली त्या उपरण्याकडे टक लावून. अण्णा नळाकडे बघतायत, काका आपल्या तुळशीकडे. उपरणं हलतंय. जरा थांबतंय, परत हलतंय. एकदा तर असं उसळलं की मला वाटलं, आत मारामारी जुंपली. ह्या दोघांच्या हातांत आमचं घर होतं, आणि दोघांपैकी एकालाही अक्कल आहे असा चार वर्षांत काही पुरावा नव्हता.

मग उपरणं एकदम स्थिर झालं. बराच वेळ तसंच राहिलं. मी काकांकडे पाहिलं तर ते तुळस सोडून उपरण्याकडेच बघत होते.

“झालं,” काका म्हणाले. “महिन्याला पन्नास.”

“पन्नास?” मामा उसळला. “पन्नास कसं हुईल? बोट शंभराचं ठरलं हुतं की! अर्धं बोट कुटल्या बाजारात चालतंय?”

काका आत जाऊन सोसायटीचा कोरा कागद घेऊन आले आणि भिंतीवरच लिहायला लागले. अधिकारी म्हणाले, “आज रोख काय?” तेव्हा अण्णा माझ्याकडे वळले. महिनाभर मी ज्याची वाट पाहत होते ते वाक्य सगळ्या गल्लीसमोर, खणखणीत आवाजात बोलले.

“जा, तुझं पासबुक आन.”

पोस्ट काही लांब नव्हतं. मी पळत गेले, सुजून बरा झालेला अंगठा परत ठेचला, आणि पैसे घेऊन आले तोवर अधिकाऱ्यांचा तिसरा चहा चालू होता. त्यांनी पैसे मोजले, पावती केली, कागदावर ‘लिलाव तहकूब’ लिहून खाली तारीख टाकली. व्यापारी तणतणत निघाला. आईनं त्याच्या हातावर शेंगांची चटणी आणि भाकरी ठेवली. चटणी त्याच्याच दुकानातल्या शेंगदाण्यांची होती, हे तिनं सांगितल्यावर तोही हसला. मामानं दोन्हीकडून सव्वा-सव्वा रुपया दलाली वाजवून घेतली. म्हणाला, धंद्यात नातं नाही.

दाराला रंग काही परत दिला नाही. खळीचा डाग तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरून ‘हो’ आलं आणि आमच्याकडून ‘आलो’ गेलं.

पन्नासप्रमाणे थकबाकी फिटायला पाच वर्षं लागली. शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी मी माहेरी आले होते, कडेवर लेक. काका-काकू भिंतीला वळसा घालून, रीतसर पुढच्या दारानं, चहाला आले. मी मनातलं विचारून टाकलं. “काका, आज खरं सांगा. शंभराच्या बोटात पन्नास कसे बसले?”

काकांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा चहाच्या बशीत.

“आगं, ह्याचा पगार तीनशे,” काका म्हणाले, “आणि ह्यानं पाचच्या पाच बोटं पसरली की! झाकली मूठ म्हणे सव्वा लाखाची! मी अंगठा मिटवला. ह्यानं परत उघडला. मी परत मिटवला. करंगळी मिटवली, ती उघडली. लोक भाव वाढवायला भांडतात, मी ह्याचा कमी करायला भांडत होतो. शेवटी एकेक करून चारी दाबून धरली. राहिलं ते हे तुटकं. ते काय केल्या मिटेना. मिटणार कसं? मीच तर बांधलं होतं.” काकांनी उपरण्यानं नाक पुसलं. “त्या दिवशी सायकल मारताना सगळी वाट एका हातानं हे असंच धरून ठेवलं होतं. ते हाताला लागलं आणि मला पुढचं काय सुचेनाच. म्हटलं, ऱ्हाऊ दे एवढं. अर्धं बोट, पन्नास रुपये.”

मला रडू आवरेना, आणि मी ते लपवलंही नाही. एवढा वेळ बशीत बघणाऱ्या अण्णांनी ते अर्धं बोट उभं करून नाकापर्यंत नेलं, डोळा पुसल्यासारखं केलं. मग आईनं ठेवलेली चिवड्याची ताटली काकांच्या पुढं सरकवली आणि तिच्यातले शेंगदाणे एकेक करून स्वतःकडे वेचून घ्यायला लागले.

“तू चिवडा खा,” ते म्हणाले.